गाडी कोणाची, जोखीम कोणाची

हेब्बाळ हे बेंगळुरूचं उत्तरेकडचं नाकं. विमानतळावरून येणारा बल्लारी रस्ता इथे आउटर रिंग रोडला भेटतो. डावीकडे मान्यता टेक पार्कला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या वळतात, उजवीकडे बीईएल सर्कलवरून तुमकुरू रस्ता गाठणारी वाहतूक, आणि सरळ गेलं की मेख्री सर्कल आणि पुढे शहर. या गलबल्याला लागूनच तलाव आहे. सकाळी काठावर उभं राहिलं की पाणकावळे दिसतात, मोठ्या चोचीचे पेलिकन दिसतात, आणि पाठीमागे उड्डाणपुलावरचे हॉर्न अखंड चालू असतात. माझा धाकटा भाऊ तलावाच्या अलीकडेच, केंपापुऱ्यात राहतो. नवराबायको दोघंही कंपनीच्या बसने कामाला जातात. घरात एक स्कूटर आहे, गाडी नाही, आणि एरवी तिच्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

अडलं ते डिसेंबरच्या सुट्टीत. आईला घेऊन मी साताऱ्याहून त्याच्याकडे गेले होते. एका सकाळी आम्ही मल्लेश्वरमला काडू मल्लेश्वराच्या दर्शनाला गेलो. तिथे एकोजीराजांचा 1669 सालचा शिलालेख आहे, देवाला गाव इनाम दिल्याचा. मराठी माणसाला बेंगळुरूत असा दगड समोर आला की पाय निघत नाही. 1638 मध्ये रणदुल्लाखानाबरोबर आदिलशाही फौजेतून शहाजीराजे इथे आले, केंपेगौडांकडून शहर घेतलं गेलं आणि बेंगळुरूची जहागीर त्यांच्याकडे आली. एकोजी हे त्यांचेच धाकटे चिरंजीव. आई तो दगड बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "लेकाचा दगड पाहिला. आता बापाच्या समाधीला नको का जायला?"

शहाजीराजांची समाधी होदिगेरेला आहे, दावणगेरे जिल्ह्यातल्या चन्नगिरी तालुक्यात. 1664 च्या जानेवारीत शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा तिथे अंत झाला. हेब्बाळपासून हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने दावणगेरे गाठायचं तर तिथून पुढे बस, मग रिक्षा, आणि आईचे गुडघे असे की बसची पहिली पायरीच तिला डोंगर वाटते. ड्रायव्हरसकट टॅक्सी मिळत होती, पण तिचं रोजचं किमान किलोमीटरचं भाडं, ड्रायव्हरचा भत्ता आणि मुक्कामाची सोय धरली तर हिशेब फुगत होता. मला गाडी चालवायची सवय आहे. तेव्हा सेल्फ ड्राइव्ह घ्यावी असं ठरलं.

भावाने फोनवर ॲप उघडलं. नकाशावर आमच्या इमारतीच्या आजूबाजूलाच गाड्या दिसू लागल्या: सहकारनगर, कोडिगेहळ्ळी, एक तर शेजारच्याच सोसायटीत. या गाड्या कुठल्या एजन्सीच्या नव्हत्या. तुमच्या-आमच्यासारख्या लोकांच्या होत्या. आठवडाभर तळघरात उभ्या असतात, तेव्हा त्या भाड्याने द्यायच्या, ॲपने गिऱ्हाईक आणून द्यायचं, आणि पैशातला वाटा घ्यायचा. भाडं एजन्सीपेक्षा बरंच कमी.

या व्यवहाराचं बेंगळुरूशी जुनं नातं आहे. झूमकार ही कंपनी 2013 मध्ये याच शहरात सुरू झाली, आधी स्वतःच्या गाड्या घेऊन. 2021 पासून तिने लोकांच्या गाड्या लोकांना देण्याची वाट धरली आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये ती अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदली गेली. अमेरिकेत टुरो ही कंपनी रिलेराइड्स या नावाने त्याच्याही आधीपासून हेच काम करत होती. कल्पना मला मनापासून पटते. बेंगळुरूच्या कुठल्याही सोसायटीचं तळघर बघा, धूळ खात उभ्या असलेल्या गाड्यांची रांग दिसते. प्रत्येक कुटुंबाने नवी गाडी घेण्यापेक्षा असलेली गाडी चार घरांनी वापरली तर हप्ता हलका होतो, रस्ताही थोडा मोकळा होतो. म्हणूनच या व्यवहारातला धोका नीट तोलला पाहिजे असं मला वाटलं.

शेजारच्या सोसायटीतली गाडी बघायला आम्ही संध्याकाळी गेलो. मालक बेळगावचा निघाला, तिशीतला, मराठी ऐकताच खुलला. आईला त्याने लगेच मावशी केलं. पांढरी हॅचबॅक, धुऊन पुसून लखलखीत. मी फोनची बॅटरी लावून गाडीभोवती फिरले. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला जुना ओरखडा होता, त्याचा व्हिडिओ घेतला. काच, दोन्ही आरसे, आतली सीट, मीटरवरचे किलोमीटर, पेट्रोलचा काटा, सगळं त्याच व्हिडिओत बोलून घेतलं. डिकीतली स्टेपनी काढून दाबून बघितली, जॅक आणि पाना जागेवर आहेत का ते पाहिलं. मग टायर. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या डाव्या टायरवर 1618 होतं. म्हणजे 2018 सालच्या सोळाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक होती, पण रबरावर केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. शहरात भाजी आणायला हा टायर आणखी वर्षभर चालला असता. हायवेवर, आई मागच्या सीटवर असताना, तो मला चालणार नव्हता. मालकाने वाद घातला नाही. "उद्याच बदलून घेतो की ताई," म्हणाला.

टायर बदलता येतो. बदलता येत नव्हती ती नंबरप्लेट. ती पांढरी होती.

गोव्याला जाणाऱ्या मराठी माणसाला पाट्यांचे रंग माहीत असतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देण्याची परवानगी असलेली गाडी. मोबदला घेऊन गाडी द्यायची तर ती परिवहन वाहन म्हणून नोंदलेली हवी आणि तिला परमिट हवं, असं मोटार वाहन कायदा सांगतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर परमिटशिवाय असा वापर केल्यास पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आणि 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडी अडकवून ठेवण्याचाही अधिकार आरटीओला आणि पोलिसांना आहे. हिरियूरच्या पुढे कुठेतरी गाडी जमा झाली तर आई, सामान आणि मी रस्त्यावर. दंड कोणाच्याही नावे निघो, सुट्टी आमची जाईल.

तरीही दंड ही यातली लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट पॉलिसीत असते. मी मालकाला विमा पॉलिसी दाखवायला सांगितली. त्याने फोनवर पीडीएफ उघडली आणि आम्ही दोघांनी ती बॉनेटवर टेकून वाचली. किती रकमेचा विमा, नो क्लेम बोनस किती, हे त्याला तोंडपाठ होतं. खाली 'वापराच्या मर्यादा' असा एक परिच्छेद होता, तो त्याने कधी वाचला नव्हता. खासगी गाडीच्या प्रत्येक पॉलिसीत तो जवळपास सारखाच असतो: गाडी कोणत्याही कामासाठी वापरा, मात्र भाड्याने किंवा मोबदला घेऊन नाही, मालवाहतुकीसाठी नाही, शर्यतीसाठी नाही. पहिलीच अट वाचून तो थांबला.

त्या एका अटीचा अर्थ त्या संध्याकाळी आम्ही तळघरात उभं राहून उलगडत गेलो. गाडी ठोकली तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. मालकासाठी सक्तीचा असलेला 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हा नोंदणीपुस्तकावर नाव असलेल्या मालक-चालकासाठी असतो. स्टिअरिंगवर मी असेन, तर तो मला लागू नाही. आणि रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला लागलं तर? भारतात त्याच्या जिवाच्या आणि शरीराच्या हानीची भरपाई ठरवताना तृतीय पक्ष विम्याला रकमेची वरची मर्यादा नाही. न्यायाधिकरण त्या माणसाचं वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं बघून रक्कम ठरवतं. परमिट नसलेल्या एका ट्रकच्या प्रकरणात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायला सांगितलं. पीडिताच्या बाजूने बघितलं तर हा न्याय रास्त आहे. पण त्याच वर्षी त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केलं होतं की नोंदणीपुस्तकावर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. म्हणजे आमच्याकडून अपघात झाला असता, तर वसुलीची नोटीस या बेळगावच्या पोराच्या दारी गेली असती. दिवसाला दोन हजारांच्या भाड्यासाठी.

तो म्हणाला, "ॲपवाल्यांचं संरक्षण असतंय की." असतं, आणि ते काही अंशी कामालाही येतं. पण ते काय आहे हे समजून घेतलं पाहिजे. अशा योजना बहुतेकदा कंपनी आणि आपल्यातला करार असतात. अमुक रकमेपर्यंत आपला वाटा, त्यापुढे त्यांचा. टायर, गाडीचा खालचा भाग, नाव न दिलेला चालक, दारू, कच्चा रस्ता, असे अपवाद वेगळे. तो करार गाडीच्या पत्र्याची काळजी घेतो. हॉस्पिटलमध्ये पडलेल्या अनोळखी माणसाची भरपाई त्यातून होईल का, हा प्रश्न अटी वाचूनही मला सुटला नाही. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर करारात सापडत नाही, त्याचं उत्तर पुढे कोर्टात शोधावं लागतं.

ही भीती कल्पनेतली नाही. 2012 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बोस्टनजवळ रिलेराइड्सवरून घेतलेल्या एका गाडीला अपघात झाला. चालवणारा गेला, समोरच्या गाडीतले चौघं गंभीर जखमी झाले. कंपनीने 10 लाख डॉलरचं विमा संरक्षण दिलेलं होतं, तरीही दावे त्याच्या वर गेले तर काय, हा प्रश्न मालकासमोर उभा राहिला. 1 जानेवारी 2025 ला न्यू ऑर्लिन्समध्ये गर्दीत घातलेला ट्रक आणि त्याच दिवशी लास वेगासमध्ये स्फोट झालेली गाडी, दोन्ही टुरोवरून भाड्याने घेतलेल्या होत्या. आपण किल्ली कोणाच्या हाती देतो, हे मालकाला शेवटपर्यंत कळत नाही. भाड्याने घेणाऱ्यालाही गाडीचा इतिहास कळत नाही. दोघंही एकमेकांवर विश्वास टाकतात, आणि त्या विश्वासाखाली कायद्याचा आधार आहे का हे कोणी बघत नाही.

असा आधार देता येतो, हेही जगात दिसलेलं आहे. कॅलिफोर्नियाने 2010 मध्येच कायदा केला. गाडी भाड्यावर असेल तेवढ्या वेळाची जबाबदारी ती सेवा चालवणाऱ्या कंपनीच्या विम्यावर टाकली, आणि या कारणावरून मालकाची घरची पॉलिसी विमा कंपनीने रद्द करायची नाही असं बजावलं. आपल्याकडे स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्यांसाठी 1989 ची रेंट-ए-कॅब योजना आहे. ती लिहिताना परवाना मागणाऱ्याकडे किमान 50 गाड्या असाव्यात अशी अट घातली गेली. मोठ्या एजन्सी डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा नियम. एकच गाडी असलेला, हप्ते फेडणारा, टायर बदलायला लगेच तयार असलेला माणूस त्यात कुठे बसतच नाही. म्हणून तो पांढरी पाटी ठेवतो आणि कायद्याच्या बाहेर उभा राहतो, बऱ्याचदा हे त्याला ठाऊकही नसताना.

घरी येऊन आम्ही चौघं बोललो. भावजयीचं म्हणणं होतं, "ताई, इतके लोक घेतात, काही होत नाही." खरं आहे, बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण विमा बहुतेक वेळांसाठी काढायचा नसतो. आईने मात्र वेगळाच मुद्दा काढला: "आपण दोन पैसे वाचवायचे आणि त्या पोराच्या गळ्यात दोरी टाकायची, हे मला नको." त्यानंतर वाद संपला. सहकारनगरातल्या एका व्यावसायिकाकडून काळ्या पाटीची गाडी घेतली. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून वाहनाचा वर्ग, फिटनेस, विमा आणि परमिट तपासलं. विम्याचा कागद मागितला, तर भाड्याने देण्याचा वापर त्यात स्पष्ट लिहिलेला होता. भाडं जवळपास दीडपट पडलं आणि डिपॉझिटही जास्त.

पहाटे निघालो. बीईएल सर्कल, गोरगुंटेपाळ्य, पीण्या, नेलमंगला, मग तुमकुरू आणि सिरा. परिवहन वाहनांना वेगनियंत्रक बसवावा लागतो, त्यामुळे कितीही दाबलं तरी काटा 80 च्या पुढे जाईना. पांढऱ्या पाटीच्या गाड्या शेजारून सुसाट निघून जात होत्या. पहिला तासभर मन खट्टू झालं, मग त्या वेगाची सवय झाली आणि आईला खिडकीबाहेरचं दिसू लागलं: हिरियूरच्या पुढचे खडकाळ माळ, चित्रदुर्गाच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या, आणि त्या डोंगरात सात तटांचा तो दगडी किल्ला.

चित्रदुर्ग सोडून होळलकेरेकडे वळलो आणि रस्ता बदलला. दुपदरी डांबर, दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, अंगणाअंगणात वाळत घातलेली सुपारी. काही ठिकाणी अर्ध्या रस्त्यावर मका पसरलेला, त्याच्या कडेला दगड मांडलेले, आणि राखण करायला बसलेली बाई. अशा एका वळणावर बांधावरून एक मोटरसायकल सरळ रस्त्यावर उतरली, मागे दोन पोती आणि त्यावर एक मुलगा. मी ब्रेक दाबला, गाडी वेळेत थांबली, मुलाने हात केला आणि ती निघून गेली. काही झालं नाही. पण पॉलिसीतला 'तिसरा पक्ष' नेमका कोण असतो, ते त्या क्षणी दिसलं. त्या मुलाला आमची पाटी कुठल्या रंगाची आहे, विमा कोणाचा आहे, ॲपच्या अटी काय आहेत, यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं. ती काळजी गाडी घेऊन त्याच्या रस्त्यावर येणाऱ्याने करायची असते.

होदिगेरेला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. समाधीला फार बडेजाव नाही. दगडी बांधणी, भोवती आवार, झाडांची सावली. ज्या माणसाने निजामशाही सावरायचा प्रयत्न केला, आदिलशाहीत मोठा मानमरातब मिळवला, ज्याच्या एका मुलाने रायगडावर आणि दुसऱ्याने तंजावरात राज्य उभं केलं, तो घरापासून इतक्या लांब, या साध्या गावात विसावला आहे. आईने साताऱ्याहून आणलेला हळदीकुंकवाचा करंडा काढला, फुलं वाहिली. गावातल्या एका आजोबांनी कन्नडमध्ये तिच्याशी बोलायला सुरुवात केली, तिने मराठीत उत्तरं दिली, आणि दोघांचं बरंच जमलं. महाराष्ट्रातून माणसं येतात, असं ते खुणांनी आणि नावांनी सांगत होते. इथवर आपल्या हाताने गाडी चालवत आईला आणता आलं, याचं समाधान मोठं होतं, आणि त्यात मनाला टोचणारं काही उरलं नव्हतं.

परत आल्यावर त्या बेळगावच्या मालकाचा भावाला फोन आला. त्याने ॲपवरून गाडी काढली होती आणि ती काळ्या पाटीत बदलून घेता येईल का याची आरटीओत चौकशी चालवली होती. त्याला सरळ उत्तर मिळायला हवं. एका गाडीच्या मालकालाही माफक फी भरून परवाना, भाड्याच्या दिवसांपुरता वेगळा विमा, आणि ॲप चालवणाऱ्या कंपनीवर तिसऱ्या माणसाची स्पष्ट जबाबदारी, एवढं केलं तर ही चांगली कल्पना उजळ माथ्याने चालू शकेल. ते होईपर्यंत सुट्टीसाठी दुसऱ्याची गाडी घेताना भाड्याचा आकडा सगळ्यात शेवटी विचारा. आधी पाटीचा रंग बघा, टायरवरचे चार आकडे वाचा, पॉलिसी मागून घ्या आणि वापराच्या मर्यादा मालकासोबत उभ्याउभ्या वाचा. घरच्यांना गाडीत बसवण्याआधी एवढं आपण त्यांचं, त्या मालकाचं आणि वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसाचंही देणं लागतो.